ओट्याचा ईशान्य कोपरा

आमच्या खात्याच्या एका नकाशावर, वरोऱ्याच्या पूर्वेला, माझ्या गावाला अगदी खेटून एक लाल तुटक रेघ छापलेली आहे. इथे जमिनीखाली खडक तुटला असून पूर्वेकडचा भाग वर सरकला आहे, असा त्या रेघेचा अर्थ. ती रेघ मी काढली. तिथे खडक कुठेही तुटलेला नाही. नवा नकाशा निघेल तेव्हा ती पुसली जाईल, पण तोवर ती आहे. कुणी तो नकाशा माझ्यासमोर उलगडला की मी खिडकीबाहेर बघत बसतो.

चूक कशी झाली ते सांगायचं तर आधी खचदरीबद्दल सांगायला हवं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे एका फार जुन्या खचदरीच्या अंगाखांद्यावर वसले आहेत. कधीकाळी इथलं कवच ताणलं गेलं, मधला पट्टा खाली बसला, नद्यांनी त्यात वाळू आणि गाळ आणून टाकला, जंगलं गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. माजरीच्या खाणींतून निघतो तो हाच. पुढे पुष्कळ काळाने पश्चिमेकडून लाव्हा वाहत आला आणि वरोऱ्याच्या बाजूला या सगळ्यावर काळ्या दगडाची पातळ चादर टाकून थांबला. पूर्वेला धानोऱ्याच्या जंगलात शिरलं की खचदरी संपते आणि मूळचा जुना घट्ट खडक वर येतो. वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला कापूस दिसतो, सोयाबीन दिसतं, मग धान आणि मग मोहाची झाडं.

आमचं काम हे सगळं न खोदता ओळखायचं. त्यासाठी दोन यंत्रं. एक गुरुत्वमापक. जड खडक त्यातल्या स्प्रिंगला जरा जास्त ओढतो, हलका खडक जरा कमी. दुसरं चुंबकमापक. लाव्हा थिजताना त्या वेळच्या पृथ्वीचं चुंबकत्व अंगात धरून बसतो, ते हे यंत्र ओळखतं. दोन्हींच्या आकड्यांचे आलेख काढायचे आणि त्यातल्या चढउतारांवरून खाली काय असेल ते सांगायचं. यात गोम अशी की एकाच चढउताराची चार उत्तरं निघू शकतात, आणि चारही गणितात बसतात. कोणतं खरं ते माणसाने ठरवायचं. इथेच माणसाचा स्वभाव आडवा येतो.

गुरुत्वमापकाची आणखी एक खोड आहे. दिवसभरात त्याची स्प्रिंग हळूहळू सैलावते. म्हणून सकाळी जिथे वाचन घेतलं तिथेच दुपारी आणि संध्याकाळी परत येऊन ते घ्यायचं, म्हणजे यंत्र किती भरकटलं ते कळतं. त्या जागेला आम्ही तळस्थान म्हणतो. सगळे आकडे तिच्या आधाराने उभे असतात, म्हणून ती जागा हलता कामा नये. बाजूला नको आणि वर-खाली तर मुळीच नको, कारण यंत्र जरा उंच गेलं तरी पृथ्वीची ओढ कमी भरते. तळस्थानाच्या फॉर्मवर त्यासाठी एक रकानाच असतो: जमिनीपासून उंची.

आमची मापनरेषा वरोऱ्याकडच्या काळ्या दगडापासून धानोऱ्यापर्यंत जात होती आणि वाटेत माझं गाव लागत होतं. गावाच्या दोन्ही बाजूंना बारकाईने मोजायचं ठरलं, दर शंभर मीटरवर एक वाचन. तळस्थान म्हणून मी आमच्याच घराचा ओटा निवडला. जागा पक्की, रस्त्याच्या धडधडीपासून लांब, अशी कारणं मी फॉर्मवर लिहिली. खरं कारण असं की आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत होते आणि या निमित्ताने दिवसातून तीनदा घरी जाता आलं असतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच.

बाबा माजरीकडे जमिनीखालच्या खाणीत मिस्त्री होते. कोळसा काढला की छत मोकळं पडतं, त्याला लाकडी खांबांचा आधार द्यायचा, हे त्यांचं काम. थर बुटका होता, त्यामुळे तीस वर्षं त्यांनी पाळीच्या पाळी वाकून काढली. निवृत्त झाल्यावरही ते दारातून जाताना मान खाली घालायचे. आमचं दार चांगलं उंच होतं.

छत धड आहे की नाही ते कसं ओळखायचं, हे त्यांनी मला लहानपणी स्वयंपाकघराच्या भिंतीवर शिकवलं होतं. एका हाताने सब्बलीने ठोकायचं आणि त्याच वेळी दुसरा हात पंजा पसरून छताला लावून ठेवायचा. ठणठणीत आवाज आला तर छत धड, भद्द आला तर वरचा थर सुटलेला. पण नुसत्या आवाजावर जायचं नाही. "कान फसवते," ते म्हणायचे, "हात नाई फसवत. दोन्ही एकच सांगन तवाच खांब कुठी लावाचा ते ठरवाचं." आई म्हणायची, भिंतीचे पोपडे पडून राह्यले, आता बापलेकांनी कोळसा काढायचा राहिला आहे.

पहिला टप्पा हिवाळ्यात झाला. गावाच्या पश्चिमेची सगळी वाचनं मीच घेतली. आमच्या वाट्याला जुनं यंत्र आलं होतं. त्यात वरून भिंगाला डोळा लावून रेघ बघावी लागते. आमचा ओटा तेव्हा वीतभर उंचीचा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यावर मी गेरूने फुलीभोवती गोल काढला, तबकडी ठेवली, तिच्यावर यंत्र. मग गुडघे टेकायचे, कोपरं टेकायची, डोकं खाली घालायचं आणि रेघ थरथरायची थांबेपर्यंत श्वास रोखून तसंच राहायचं. माझा मणका तेव्हाच कुरकुरायला लागला होता. उठताना मी ओट्याच्या खांबाला धरायचो.

बाबा बाजेवर बसून बघत असायचे. चुंबकमापकाच्या वेळी लोखंड जवळ नको म्हणून मी त्यांना लांब जायला सांगायचो. मग ते खिशातला अडकित्ता, कमरेच्या किल्ल्या, पायातल्या वहाणा सगळं काढून बाजेवर मांडायचे आणि अनवाणी, हात वर करून, पार कुंपणापर्यंत जायचे. तिथून विचारायचे, "दात बी काढू का?" दातात त्यांच्या काही नव्हतं. मी हसायचो नाही, कारण आकडे लिहीत असायचो. आता वाटतं, हसायला काय हरकत होती.

एकदा मी उठताना खांबाला धरलेलं त्यांनी पाहिलं.

"कमर दुखते काय तुही?"

"नाई."

"दिसून राह्यलं न मले."

"काई नाई, बाबा. पाय आखडला."

 माझ्या घरात काहीही दुखत नसे, तशी रीतच होती.

भांडण पहिल्या टप्प्याच्या शेवटच्या संध्याकाळी झालं. त्या दिवशी सकाळ-दुपारचे आकडे जुळेनात, अर्धी वाचनं पुन्हा घ्यावी लागली, मी उन्हाने आणि पाठीने वैतागलो होतो. ओट्यावर बाबा आणि शेजारचे मिस्त्री बसले होते. हे मिस्त्री घरं बांधतात, पावसाळ्यात तळ्यावर मासे धरतात आणि बाबांचे जन्माचे सोबती. बाबा मजेत त्यांना सांगत होते, "हे शिकेल लोकं जमिनीत न जाताच जमिनीतलं सांगते. बाजेवर बसून म्हनते, खाली काळा गोटा आहे. मले तर नाई पटत बा." मिस्त्री हसले. थट्टाच होती. रोज चालायची.

मी भिंगावरून डोकं वर काढलं आणि म्हणालो, "तुमी तीस वर्सं आत जाऊन काय पाह्यलं? अंधारच न?"

मिस्त्रींचं हसू तिथेच थांबलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी खरं बोललं की माणूस जसं बघतो तसं.

"हो बाबू," ते म्हणाले, "अंधारच पाह्यला."

त्या अंधारातून मी शिकलो होतो, माझं कॉलेज त्या अंधारातून झालं होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. माफी मागायला चार शब्द पुरले असते. पण माझा स्वभाव असा की चूक कळली की मला आणखी राग येतो. मी फॉर्म भरायला घेतला. जमिनीपासून उंची हा रकाना आला. टेप लावायला बाबांच्या पायाशी वाकावं लागलं असतं. मी तो रकाना रिकामा सोडला. आपलंच घर, आपलाच ओटा, त्यात काय लिहायचं, असं स्वतःला सांगितलं. फोनवर फोटो काढला तोही नुसत्या यंत्राचा आणि गेरूच्या खुणेचा. जमीन त्यात आलीच नाही. सामान गाडीत टाकून मी निघालो. बाबा फाटकापर्यंत आले होते. मी काच खाली केली नाही.

दुसरा टप्पा उन्हाळ्याच्या तोंडावर होता, गावाच्या पूर्वेचा. मी जायला हवं होतं. मी नागपूरच्या कार्यालयात काम काढलं आणि माझ्या सहकारी बाईंना पाठवलं. माझ्याच वयाच्या, माझ्यापेक्षा शांत आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चोख. त्यांनी फोटो आणि फॉर्म नेला. ओटा, ईशान्य कोपरा, गेरूची खूण. पोचल्यावर त्यांचा फोन आला. खूण जिथल्या तिथे आहे, तुमचे वडील चांगले आहेत, तुम्ही का नाही आलात असं विचारत होते.

"काय सांगितलंत?"

"काम आहे म्हणाले. मग त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. तुमचा ओटा बाकी छान आहे हो. इतर सगळीकडे वाकून वाकून जीव जातो, इथे त्रास नाही."

त्याच वेळी दारात गाडीचा ड्रायव्हर डिझेलची चिठ्ठी घेऊन उभा होता. मी बाईंना "हं, हं" म्हणालो आणि चिठ्ठीवर सही केली. ओट्याबद्दलचं त्यांचं हे वाक्य मी कानांनी ऐकलं होतं. पुढे कित्येक दिवस ते माझ्या डोक्यात होतं आणि मला सापडत नव्हतं.

त्यांनी आणखी एक विचारलं. तुमच्या बाजूची चार-पाच वाचनं मी पुन्हा घेऊ का, म्हणजे दोन टप्पे नीट सांधले जातील. असं करायचीच पद्धत आहे. मी म्हणालो, नको, वेळ नाही, माझी वाचनं बरोबर आहेत. माझी वाचनं बरोबरच होती.

पावसाळ्यात आलेख काढले. मोठी खचदरी झकास आली. पश्चिमेच्या लाव्ह्यावर चुंबकाचा आलेख कुत्रं मागे लागल्यासारखा उड्या मारत होता, मधल्या वाळूच्या खडकावर शांत झाला, धानोऱ्याकडे गुरुत्वाचा आलेख जुन्या खडकावर चढत गेला. आणि माझ्या गावापाशी एक पायरी होती. लहानशी, मिलिगलच्या, म्हणजे आम्ही ओढ मोजतो त्या एककाच्या, आठव्या हिश्श्याएवढी. पश्चिमेकडून रेघ सरळ येत होती, नेमकी गावात एकदम वर चढत होती आणि तेवढ्याच उंचीने पुढे जात होती. पूर्वेकडचा खडक वर उचलला गेला असला तरच असं दिसेल.

बाई म्हणाल्या, "चुंबकात मात्र काहीच नाही. खडक सरकला असता तर वरची लाव्ह्याची चादरही तुटली असती. तिची कड दिसायला हवी होती."

मी त्याचंही उत्तर काढलं. खडक आधी सरकला, लाव्हा नंतर आला, त्याने तुटकी जागा झाकून टाकली, म्हणून वर काही दिसत नाही. उत्तर हुशारीचं होतं आणि होऊ शकणारंही होतं. बाईंनी पायरी पुन्हा पाहिली, नेमकी गावातच कशी, असं पुटपुटल्या, पण गाव माझं होतं, म्हणून गप्प राहिल्या असाव्यात. मी लाल रेघ काढली.

मला ती रेघ इतकी का हवी होती, हे आज मी लिहू शकतो. मला बाबांना ती दाखवायची होती. तीस वर्षं तुम्ही आत होता आणि तुमच्या दाराशी खडक तुटलेला तुम्हाला माहीत नव्हता, आणि मी बाहेर बसून तो शोधला, असं मला म्हणायचं होतं. मी फोन केला. आमचे फोन तोवर अगदीच कामापुरते झाले होते.

"बाबा, आपल्या गावाखाली खडक तुटेल आहे. उगवतीकडचा भाग वर उचलला गेला."

 ते म्हणाले, "तू म्हनतं तर असन."

"असन नाई. आहे. आकडे आहेत."

"दुसऱ्या हातानं पाह्यलं काय?"

मला तो प्रश्न झोंबला, कारण चुंबकाचं नाव काढून बाईही तेच म्हणाल्या होत्या. "ते छत ठोकन्यासारखं नसते," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दिवाळीले येतं काय?"

मी बघतो म्हणालो. दिवाळीला मी सासरवाडीला गेलो.

नकाशा छापून झाला आणि त्यानंतर खात्री करायला म्हणून रेघेच्या दोन बाजूंना दोन बोअर घेण्यात आले. हा उलटा क्रम आमच्याकडे होतो कधी कधी. खडकाच्या गाभ्याच्या पेट्या आल्या. बाईंनी त्या शेजारी शेजारी मांडल्या. वरचा काळा दगड दोन्हीत सारखा. त्याखाली तांबड्या मातीचा एक थर, दोन्हीत सारख्याच खोलीवर. त्याखालचा वाळूचा खडकही तसाच. काही तुटलं नव्हतं, काही सरकलं नव्हतं. बाई मला एका शब्दानेही टोचून बोलल्या नाहीत, त्याचा मला जास्त त्रास झाला.

चूक कुठे झाली ते शोधण्यात महिना गेला. यंत्र तपासलं, गणितं पुन्हा केली, नोंदवह्यांचं पान न् पान पाहिलं. सगळं बरोबर होतं. गावी जाऊन तळस्थान बघून यावं, असं बाई दोनदा म्हणाल्या. मी टाळलं. एवढा तोरा मिरवल्यावर आता घरी कोणत्या तोंडानं जाऊ, हा प्रश्न होता. बाबांनी काय विचारलं असतं? काहीच नाही. चहा दिला असता. तो मला गिळवला नसता.

त्या महिन्यात त्यांचा एकदा फोन आला. "येऊन जाय न एखादे दिशी," म्हणाले. "ते मशीन घेऊन ये पायजे तर." मी म्हणालो, मशीन सध्या गडचिरोलीला आहे. ते म्हणाले, बरं.

नंतरचा फोन शेजारच्या मिस्त्रींचा होता. सकाळी दातण करता करता बाबा बाजेवर बसले आणि तसेच आडवे झाले. दवाखान्यात न्यायलाही काही उरलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. घरात शिरताना ओट्यावर माझी पायरी चुकली. पाय जिथे टेकायचा तिथे टेकला नाही, नडगीला लागलं, मी पडणारच होतो पण कुणीतरी दंडाला धरलं. "सांभाळ, बाबू," कुणीतरी म्हणालं. मला वाटलं दुःखाने झालं असेल. लोकांनाही तेच वाटलं. माझ्या पायाला लहानपणापासून तो ओटा पाठ होता आणि त्या दिवशी सगळ्यात आधी त्यालाच काहीतरी कळलं, पण पायाचं कोण ऐकतं. पुढचे दिवस मी आतल्या खोलीत एका चटईवर काढले. आत-बाहेर करताना पाऊल आपोआप उंच पडायला लागलं होतं.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्या, माणसं पांगली. दुपारी मी बाहेर येऊन बसलो. शेजारी मिस्त्री येऊन बसले. बराच वेळ ते ओट्याच्या कडेवरून हात फिरवत होते.

"पक्का बसला न?" ते म्हणाले. "एक बी भेग नाई पडली."

"काय?"

"हा ओटा. मीच वर घेतला न हा. तुले नाई सांगतलं त्यानं?"

मी खाली पाहिलं. माझे पाय लोंबकळत होते. आमच्या ओट्यावर बसल्यावर माझे गुडघे छातीशी यायचे.

"कधी घेतला?"

"तू तवा रागानं गेला न, त्याच्या आठ दिसानं. तुहा बाप म्हने, पोरगा दिवसातून तीनदा इथी माथा टेकते. एवढं तर देवाले बी कोनी वाकत नाई. कमर गेली त्याची, सांगत नाई मले. म्हने, माही तर गेलीच वाकूवाकू, त्याची काऊन जाव?" मिस्त्रींनी बाजेखालून एक स्टूल ओढून काढलं. खाणीतल्या जुन्या आधाराच्या लाकडाचं होतं. मी ते आधी पाहिलं नव्हतं. "हे बी त्यानंच केलं. यावर बसून माप घेतलं ओट्याचं. म्हने, तो माह्याहून दोन बोटं उंच आहे, दोन बोटं वर पकड."

"आणि ती खूण?"

"तिले मले हात बी लावू नाई देल्ला. ओळंबा सोडून त्यानं सोता काढली. म्हने, पोराच्या कामाची जागा आहे, केसभर इकडची तिकडं नाई झाली पायजे."

मी उठून ईशान्य कोपऱ्याशी गेलो. गेरूची फुली, तिच्याभोवती गोल. माझ्या जुन्या खुणेच्या बरोबर वर, ओळंब्यात, केसभरही इकडची तिकडे न होता. खाणीतल्या माणसाने जागा जशी सांभाळायची तशीच सांभाळली होती. आधार उंच केला म्हणून जागा बदलत नाही, हे त्यांच्या धंद्यात खरं होतं. माझ्या धंद्यात नुसत्या तेवढ्यानेही बदलते.

मिस्त्रींकडून टेप घेतला आणि जमिनीवर बसून मापलं. नव्या बांधकामाचा सांधा स्पष्ट दिसत होता. जुन्या माथ्यापासून नव्या माथ्यापर्यंत बेचाळीस सेंटिमीटर. हिशेब करायला कागद लागला नाही. एवढ्या उंचीने ओढ किती कमी होते आणि खाली भरलेल्या दगडाने त्यातली किती परत येते, ते आम्हाला झोपेतही सांगता येतं. मिलिगलचा आठवा हिस्सा. वर्षभर तो आकडा माझ्यासमोर होता. पूर्वेकडची सगळी वाचनं तेवढ्याने चढी आली होती, कारण ज्या ओट्यावरून ती मोजली तो माझ्यासाठी वर उचलला गेला होता.

बाबांनी मला जन्मात कधी जवळ घेतलेलं आठवत नाही. त्यांना माझ्याबद्दल जे वाटत होतं ते त्यांनी एकदाच, दगड आणि सिमेंट वापरून सांगितलं, आणि ते माझ्याच आकड्यांत येऊन बसलं होतं. मी ते रोज बघत होतो. मी त्याला खडक तुटला असं म्हणालो, त्यावर लाल रेघ मारली आणि फोन करून त्यांनाच ऐकवलं. ते म्हणाले, तू म्हनतं तर असन. ओटा दाखवायला मला बोलावत होते, मशीन घेऊन ये म्हणाले होते, आणि मी लाजेपोटी गेलो नाही. एकदा फाटकातून आत आलो असतो तरी बास होतं. चूक सापडली असती. तेही भेटले असते.

मिस्त्रींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्या कोपऱ्याशी बसून मोठ्याने रडलो. तेरा दिवसांत मी तसा रडलो नव्हतो.

पुढे मी चुकीची दुरुस्ती लिहून दिली. बाईंनी आणि मी मिळून तळस्थान पुन्हा जोडायचं ठरवलं. यंत्र घेऊन आम्ही गावी गेलो. बाईंनी नवा फॉर्म काढला आणि टेप माझ्या हातात दिला. जमिनीपासून उंची हा रकाना मी भरला. त्याखाली उंची बदलल्याचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं: यंत्र वाचणाऱ्याची कंबर दुखत असे. बाईंनी वाचलं आणि खाली आपली सही केली.

मग मी खुणेवर तबकडी ठेवली, यंत्र ठेवलं, पातळी साधली आणि ते स्टूल ओढून बसलो. भिंग बरोबर माझ्या डोळ्यापाशी आलं. दोन बोटं वर धरलं होतं, ते माप अचूक होतं. मान जराशी झुकवली की झालं.

"वाचन?" बाईंनी पेन उघडून विचारलं.

"थांबा," मी म्हणालो. रेघ केव्हाच स्थिर झाली होती, पण मला ती दिसत नव्हती. बाई थांबल्या. शेवटी पलीकडून वाकून त्यांनीच आकडा वाचला आणि लिहून घेतला, आणि मी स्टूलवर तसाच सरळ बसून राहिलो.